समासातले व्याही

आण्णासाहेबांना पुस्तकाच्या समासात लिहायची खोड होती. निपाणीच्या हायस्कुलात चौतीस वर्षं मराठी शिकवलेलं, त्यामुळे हातात पेन्सिल असल्याशिवाय वाचल्यासारखं वाटायचंच नाही. वाचनालयाच्या निम्म्या पुस्तकांवर 'चूक', 'वा!', 'लेखकाला शेतीतलं ओ की ठो कळत नाही' असे त्यांचे शेरे होते आणि त्यापायी दोनदा त्यांना समजही मिळाली होती. म्हणून वाचनालयानं मोबाईलवर ई-पुस्तकं द्यायला सुरुवात केली, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद त्यांनाच झाला. ओळीवर बोट दाबून धरलं की टीप लिहायची चौकट उघडायची. आपला मोबाईल, आपली टीप, कुणाच्या बापाचं काय जातंय!

त्याच आनंदात ते एका कादंबरीच्या एकशे बाराव्या पानावर पोचले. तिथं तात्या नावाचं एक पात्र होतं, बोलायला लागलं की थांबायचं नाव नाही असं. आण्णासाहेबांनी टीप ठोकली, 'हा तात्या म्हणजे हुबेहूब आमचे व्याही! समोरचा माणूस मान डोलावून डोलावून आजारी पडतो, पण यांचं तोंड मिटत नाही.'

व्याही म्हणजे संकेश्वरचे बाळगोंडा पाटील. आठच महिन्यांपूर्वी आण्णासाहेबांची एकुलती एक लेक, श्रद्धा, त्यांच्या घरात दिलेली.

मंगळवारी आण्णासाहेब वाचनालयात गेले, तर तिथं कामाला असलेली तेजस्वी म्हणाली, "सर, तुमच्या टिपा लई भारी असतात हं. सगळी वाचून हसत्यात."

"सगळी म्हणजे?"

"टिपा सगळ्यांना दिसतात की. नाव दिसत न्हाय, नुसतं 'वाचक २१४' येतंय."

आण्णासाहेबांनी घाईघाईनं मोबाईल बाहेर काढला. ही कादंबरी वाचाच म्हणून बाळगोंडांच्या मागं लागले होते ते स्वतःच. वाचनालयाचं सभासद करून त्यांच्या फोनात ॲपही यांनीच घालून दिलं होतं. आता काय करावं? त्यांनी उभ्या उभ्याच बटण दाबून पुस्तक परत करून टाकलं. पुस्तक गेलं की टीपही जाईल, असा आपला मास्तरी विचार.

तेजस्वीनं कपाळाला हात लावला. "परत का केलासा सर? टीप तशीच ऱ्हातीय. पुसायची तर पुस्तक तुमच्याकडंच पायजे. आणि एका वेळेला एकालाच मिळतंय. आता पुढच्या नंबरात जे होते त्यांच्याकडं गेलं."

"नंबरात कोण होतं?"

"नाव सांगायला येत न्हाय सर."

सांगायची गरजही पडली नाही. आण्णासाहेबांचा फोन वाजला. "अवो पाव्हणं!" बाळगोंडा गरजले. "तुमची कादंबरी आली बघा मोबाईलात! उद्यापतोर संपवतोच!"

घरी त्यांच्या पत्नी तारामतींनी सगळं ऐकून घेतलं आणि भाजी चिरायची विळी बाजूला सारली. "पोरीच्या सासऱ्याचं तोंड मिटत न्हाय म्हणून लिहिलासा? त्याच्याच घरात नांदतीया ती! उठा, जावा, आणि कबूल करून टाका."

बुधवारी सकाळी आण्णासाहेब संकेश्वरच्या बसमध्ये बसले. 'पाटील, माझं चुकलं' हे वाक्य त्यांनी वाटेत वीसेक वेळा घोटलं. दारात श्रद्धा हसत सामोरी आली, तेव्हा त्यांना भडभडून आलं. पोरीचं सुख आपल्या एका बोटानं घालवलं की काय, या धास्तीनं ते चपलांसकटच आत शिरले.

आत बाळगोंडा बाजेवर मोबाईल घेऊन बसले होते. त्यांनी उसाच्या तोडीपासून सुरुवात केली, मग गुडघा, मग नवी बोअर. आण्णासाहेबांनी चारदा तोंड उघडलं. "पाटील, माझं..." एवढ्यावर गाडी अडायची. तेवढ्यात रानातून ट्रॅक्टर आला म्हणून बाळगोंडा मोबाईल बाजेवर टाकून बाहेर पळाले.

आण्णासाहेबांनी झडप घातली. पाटील त्या पानावर पोचायच्या आत पुस्तक परत करून टाकायचं, मग पुढचं पुढं! पण पडद्यावर एकशे बारावंच पान होतं. त्यांच्या टिपेखाली 'वाचक ३०७'ची नवीकोरी टीप होती, 'लाख बोललासा! आमचे व्याहीबी सेम असेच. निपाणीचे मास्तर हाईत. फोन केला की कान भाजतोय.'

आण्णासाहेबांनी ते तीनदा वाचलं. आपण? आपण एवढं बोलतो? त्यांना खरंच वाईट वाटलं.

बाळगोंडा परत आले आणि पाहुण्याच्या हातात आपला मोबाईल बघून जागीच थबकले. चेहरा खर्रकन उतरला. मग हळूच बाजेच्या कडेला टेकले.

श्रद्धा चहा घेऊन आली ती घाबरलीच. "काय झालं? दोघंबी गप का?"

"काय न्हाय बाळ, तू जा आत," बाळगोंडा म्हणाले आणि ती गेल्यावर आवाज उतरवून म्हणाले, "चुकलं माझं, पाव्हणं. त्या २१४ नं लिहिलं, ते बघून मीबी वाहवत गेलो. कोण हाय तो कुणास ठाऊक, गाठ पडू दे एकदा, सोलूनच काढतो!"

'माझं चुकलं' हे वाक्य आण्णासाहेबांच्या अगदी ओठांवर होतं. त्यांनी ते चहाबरोबर गिळलं.

"सोडा हो पाटील," ते म्हणाले. "त्याचीबी लेक कुठंतरी दिलेली असंल."