एकशे बाराला एक

मतदान गुप्त असते. कधी कधी इतके गुप्त, की ज्याने मत दिले त्यालाही ते नंतर आठवत नाही.

१९३६च्या नोव्हेंबरात जवळजवळ सारा देश राष्ट्राध्यक्षांच्या मागे गेला. दोनच राज्ये अडून बसली, त्यातले एक व्हरमाँट. तिथल्या टिंकर्स गोर या गावाने विरोधी उमेदवाराला एकशे बारा मते दिली, राष्ट्राध्यक्षांना एक. गावचा कारकून लायमन बेकस याने ती तीनदा मोजली. (दुसऱ्यांदा चष्मा पुसून, तिसऱ्यांदा बायकोचा लावून.)

मग गद्दाराचा शोध सुरू झाला. संशयितांची यादी एकशे तेरा नावांची झाली, कारण प्रत्येकाने आपला शेजारी सुचवला होता. शेवटी चीज करणारी हल्डा क्रेन कचेरीत आली.

"लायमन, लोकांना उगाच छळू नका. ते मत माझं."

"पण का दिलंस, बाई?"

"पटलं म्हणून."

(नोंदवहीत या कारणाला रकाना नव्हता.) लायमनने शोध थांबवला, पण तिचे नाव कुणाला कळू दिले नाही.

एवढ्यात वरून पत्र आले: गावाची पोस्टमास्तरकी रिकामी आहे, राष्ट्राध्यक्षांना ज्याने मत दिले असेल, त्याने शपथपत्र करावे. सकाळी लायमनच्या दारात रांग.

"लायमनभाऊ, ते मत माझं बरं का!" एसा पार्कर म्हणाला.

"अरे, तू त्यांच्या फोटोवर सडकं सफरचंद मारलंस, सगळ्यांदेखत!"

"प्रेमानं मारलं."

गुरुवारपर्यंत सत्त्याऐंशी शपथपत्रे जमली. त्यांत पाद्रीबाबा होते, एकमेकांना चोरून आलेले बापलेक होते, आणि लायमनची बायको होती. हल्डा नव्हती. लायमन तिच्या दारी गेला.

"अर्ज कर बाई. हक्क तुझा आहे."

"मत देताना मी एकटी होते. आता सत्त्याऐंशी जणांच्या मागे रांगेत उभी राहू होय? माझं दूध फाटेल तिकडे."

लायमनने खरे तेच कळवले: मत एक, शपथा सत्त्याऐंशी. उत्तर उलट टपाली आले. शपथा शाईत आहेत, मतमोजणी पेन्सिलीत. अर्थात शहाऐंशी मते मोजताना चुकली. कारकुनाचे काय ते गावाने पाहावे.

गावाने पाहिले. सभेत हात वर करून लायमनला काढण्यात आले. त्याने स्वतःचाही हात वर केला. बघणारे फार होते. घरी जाताना त्याला पहिल्यांदाच वाटले, की आपण खरेच चुकीचे मोजले असावे. पोस्टमास्तरकी मिळाली एबेन टटलला. तो मतदानालाच गेला नव्हता, त्यामुळे त्याने विरोधात मत दिले, असे कुणालाच म्हणता येईना.

तुम्ही हसता आहात, हसा. पण पडलेल्या उमेदवाराला मत दिलेला माणूस निकालानंतर आम्हाला अजून भेटलेला नाही. तुम्ही तर नव्हतातच, नाही का?