‘बघू’ची व्याख्या

वाळवा तालुक्यातली माणसं पूर्वी निवांत जेवत असत. अर्ज करून वर्षानुवर्षं वाट पाहिल्यावर घरोघरी टेलिफोन आले, आणि अठ्ठ्याण्णव साली त्यापाठोपाठ नेमके जेवणाच्या वक्ताला पुण्याहून फोन यायला लागले. "अभिनंदन सर, हजारो ग्राहकांमधून आपला नंबर निवडला गेला आहे." कुणी सागवानाच्या रोपांत पैसे गुंतवायला सांगे, कुणी पाणी गाळायचं यंत्र विके. तोवर भाकरी गार होई.

आमदार आप्पासोंनाही यातून सूट नव्हती. त्यांनी रश्शात भाकरी कुस्करली रे कुस्करली की सागवान कंपनीच्या मयूरीचा फोन वाजे. आप्पासो "बघू की" म्हणून फोन ठेवत. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हजर. "काल बघू म्हणाला होतात ना, सर?"

"आवं, एकदा न्हाई म्हनून सांगून टाका की तिला," अंजनावहिनी वैतागून म्हणाल्या.

"आसं मानसाच्या तोंडावर न्हाई म्हनत्यात व्हय?"

आप्पासोंचं बरोबर होतं. आपल्याकडे सोयरीक मोडायची असो की उसना बैल द्यायचा नसो, ‘बघू’ एवढं पुरतं. ऐकणारा काय ते समजतो आणि चहा पिऊन घरी जातो. मयूरी पडली पुण्याची. तिथं नकार रोख मिळतो, त्यामुळे ‘बघू’ हा तिला होकारच वाटे.

लोक चिडले. कराडला मोर्चा निघाला, सांगलीत निवेदनांचा ढीग पडला. टेलिफोन हा विषय केंद्राचा असला तरी जेवण हा राज्याचा आहे, असा कायदेशीर सल्ला घेऊन सरकारनं विधेयक आणलं. नकार दिलेल्या ग्राहकाला पुन्हा फोन करणाऱ्यास शिक्षा. आप्पासोंनी आष्ट्याच्या सभेत दणकून पाठिंबा जाहीर केला आणि हार घालून घेतला.

विधेयकाचं कलम चार त्यांचे स्वीय सहायक पुष्कर यांनी वाचून दाखवलं : "स्पष्टीकरण. बघू, बघू की, बघतो ना, या व तत्सम शब्दप्रयोगांचा अर्थ नकार असाच घेण्यात येईल."

"लय ब्येस," आप्पासो खूश झाले. "सरकारला मराठी कळाय लागली म्हनायची."

त्यांची खुशी दुपारपर्यंत टिकली. दुपारी ओढ्यापलीकडच्या वस्तीवरचा नाथाजी आला. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं होतं, कारण ओढ्यावर साकव नव्हता, आणि साकव मागायलाच तो वर्षानुवर्षं ओढा ओलांडून येत होता.

"आवं आप्पासो, पेपरात आलंय, बघू म्हंजी न्हाई. खरं हाय व्हय?"

"खरं हाय. मीच लावून धरलंय."

"मग आमच्या साकवाला तुमी इतकी वर्सं बघू म्हनताय, त्येचं काय?"

सोप्यात बसलेल्या माणसांनी कान टवकारले. त्यात रस्ता मागायला आलेले होते, दवाखाना मागायला आलेले होते, पोराला कारखान्यात चिकटवा म्हणणारे होते. सगळ्यांना एकेक ‘बघू’ मिळालेला होता, आणि त्याच भरवशावर ते दर निवडणुकीला शिक्का मारत आले होते. आप्पासोंनी मनातल्या मनात हिशेब मांडला. हा कायदा झाला तर सगळा मतदारसंघ एका दिवसात नकार मिळाल्यासारखा उठणार आणि आमदारकी त्याच ओढ्यातून वाहून जाणार.

"नाथाजी, त्येचं आपन बघू..." म्हणता म्हणता त्यांनी जीभ चावली.

आठ दिवसांनी आप्पासो विधानसभेत विधेयकाच्या विरोधात उभे राहिले. "अध्यक्षमहोदय, माझा कायद्याला विरोध नाही. पण कलम चार हा मायमराठीचा घोर अपमान आहे. ‘बघू’ हा नकार नाही. तो गरिबाचा आधार आहे, विकासाची पहिली पायरी आहे. ‘बघू’ हा होकारच आहे."

बाकं वाजली. विरोधकांचीही वाजली, कारण त्यांच्याही मतदारसंघांत ओढे होते. मंत्रिमहोदय म्हणाले, "सदस्यांच्या भावना तीव्र आहेत. बघू." आणि दुरुस्ती एकमतानं मंजूर झाली : ‘बघू’ म्हणजे संमती समजावी.

पुढच्याच आठवड्यात आप्पासोंच्या दारात सागाच्या रोपांचा ट्रक उभा राहिला.

"सर, आपली कायदेशीर संमती झाली आहे," मयूरी फोनवर म्हणाली. "विधानसभेतलं आपलं भाषण आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं."

आप्पासोंच्या दारात साग आला, तशी फोनवर ‘बघू’ म्हणून बसलेल्या नाथाजीच्या वस्तीवर घरटी पाणी गाळायची यंत्रं आली. नळ नव्हते, पण यंत्रं होती, आणि बिलंही होती. वस्ती खवळली. पुढच्या वर्षी निवडणूक लागल्यावर मारुतीच्या देवळात बैठक बसली.

"औंदा आप्पासोला पाडायचाच," नाथाजी म्हणाला. त्यावर सगळ्यांचं एकमत झालं.

"मग हुबं कोन ऱ्हातंय?"

"बघू की, गड्या," मानसिंग म्हणाला.

"आर्ज भराय संगं तरी कोन येतंय?"

"बघू की."

"आरं नाथाजी, तूच ऱ्हा की हुबा," मागून कुणीतरी म्हणालं.

नाथाजीनं पायांकडं पाहिलं. घरची कामं होती, आप्पासोंशी जुनी ओळख होती. "बघू," तो म्हणाला.

आप्पासो बिनविरोध निवडून आले. विजयाची सभा वस्तीवर झाली. "तुमी समदी बघू म्हनलासा," आप्पासो गहिवरून बोलले, "तवाच मी होकार धरला हुता."

गर्दीतून कुणीतरी साकवाचं विचारलं. आप्पासोंनी माईक जवळ ओढला आणि आता कसलंही भय न बाळगता, खणखणीत आवाजात सांगितलं, "बघू."

टाळ्यांचा कडकडाट झाला. कायद्यानं तो होकार होता. नाथाजीनंही टाळ्या वाजवल्या. सभा पांगल्यावर तो आष्ट्याच्या बाजारासाठी निघाला, धोतर वर खोचून ओढ्यात उतरला. मागं त्याच्या घरात फोन वाजत होता.