दत्तोपंतांनी घर तपासलं

"घर घ्यावं ते ठोकून-वाजवून!" असं दत्तोपंत साऱ्या देवासला सांगत, मात्र मनातल्या मनात. सगळी हयात शाळेच्या ग्रंथालयात गेली. तिथं बोलायचं नसतंच!

पण निवृत्तीची पुंजी एका घरात घालायची वेळ आली, तेव्हा विद्युल्लताबाईंनी नवऱ्याला बजावलं, "अहो, या खेपेला भीड बाजूला ठेवा. भिंती चाचपा, नळ सोडून बघा. नुसते पोहे खाऊन परत येऊ नका!"

पंतांनी घरबांधणीवरची दोन जाडजूड पुस्तकं वाचली आणि छाती काढून निघाले.

घर उदाजीरावांचं. दुमजली, रिकामं, आणि नवा रंग लावून नवरदेवासारखं नटवलेलं. उदाजीराव म्हणजे जुनं दरबारी घराणं. त्यांच्यासमोर त्यांची भिंत ठोकायची कशी? पंतांनी एक बोट हळूच टेकवलं आणि "क्षमा असावी" म्हणाले. भिंतीला!

उदाजीराव फोनवर बोलत अंगणात गेले, तसे पंत वर गेले आणि भराभर सगळे नळ सोडले. थेंब नाही!

"टाकी कोरडी आहे, पंत," जिन्यातून आवाज आला. "उद्या पाणी येईल, मोटर लावून भरतो. मग बघा आरामात. चला, पोहे थंड होतायत!"

चोरी पकडली गेल्यासारखे पंत खाली धावले. नळ राहिले उघडेच.

दुसऱ्या दिवशी उदाजीराव मोटर लावून टेकरीवर देवीच्या दर्शनाला गेले. परतले तो दारात शेजारचा गोलू उभा. "भिया, आपके घर में तो पातालपानी का झरना चल रिया है!"

निरोप मिळताच पंत आणि बाई धावत पोचले. वरची मोरी तुंबलेली. छत धो धो गळतंय. नव्या रंगाला पापडासारखे फोड आलेले. आणि फरशीचा उतार असा, की पाणी दाराकडे न जाता थेट देवघरात जमलेलं!

"उदाजीराव, ते नळ मी—"

"नका बोलू, पंत!" उदाजीरावांनी मान खाली घातली. "छत गळतं हे ठाऊक होतं. रंग मारून झाकलं. तुम्ही एक अक्षर न बोलता उघडं पाडलंत."

"नाही हो, मी विसर—"

"अहो, पुरे तो विनय!" बाई कौतुकानं म्हणाल्या.

सौदा मोडला, पुंजी वाचली. रात्री कबुली द्यायला पंतांनी तोंड उघडलं, तर बाईंनी त्यात शिऱ्याचा घास भरवला.

कीर्ती पार धार शहरापर्यंत पोचली. तिथं घर घेऊ पाहणाऱ्या हंबीररावांनी तपासणीसाठी पंतांना गाडी पाठवून बोलावलं. पंत उतरून पाहतात तो काय, घरातलं सगळं सामान रस्त्यावर! गाद्या, कपाटं, देवसुद्धा! आणि घरमालक पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून दारात उभे.

"या पंत," ते हात जोडून म्हणाले, "टाकी काठोकाठ भरलीय. करा सुरुवात!"