न भिजलेल्या गंजीचा पंचनामा

लातुरात मूल चालायला लागले की त्याला कोणत्या क्लासला घालायचे याची चर्चा सुरू होते. आडत बाजारात वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या फारूकभाईंच्या सादियाने हवामानशास्त्रज्ञ व्हायचे ठरवले, तेव्हा घरात प्रश्न निघाला तो एवढाच, की याचा क्लास कुठे आहे? तो होता. ज्याचा क्लास नाही असा विषय लातुरात अजून जन्मायचा आहे.

क्लास एका व्यापारी संकुलाच्या तळघरात भरे. खिडकी नव्हती. सुदर्शन सर ढगांचे दहा प्रकार पोरांकडून एका दमात म्हणवून घेत आणि हे ओळखायचे कसे, असे विचारणाऱ्याला मागच्या बाकावर पाठवत. "आभाळ बघण्यात वेळ घालवायचा न्हाई," ते बजावत. "मागच्या पंधरा वर्षांत आभाळावर थेट प्रश्न आलेला न्हाई." सादियाने दोन वर्षे वर पाहिले नाही आणि ती भरतीच्या परीक्षेत राज्यात चौथी आली. चौकात तिचा फलक लागला. फलकावर तिच्यामागे ढग होते, ते फोटो स्टुडिओवाल्याने घातलेले.

मग सहा महिन्यांचे शासकीय प्रशिक्षण झाले. त्यातले चार दिवस उपकरणांना दिले होते, उरलेले शब्दांना. 'पाऊस पडेल' हे वाक्य नवख्याचे समजले जाते, हे तिला तिथे कळले. 'तुरळक ठिकाणी' म्हटले की कुठे ते विचारता येत नाही आणि 'हलका ते मध्यम' म्हटले की किती ते मोजता येत नाही. प्रशिक्षण आटोपल्यावर तिला रेणापूरच्या हवामान सल्ला कक्षात एक वर्षाच्या परिवीक्षेवर नेमण्यात आले. आदेशात अट होती, की वर्षभरात एकही अंदाज चुकीचा ठरल्यास सेवा समाप्त होईल. फारूकभाईंनी त्या आदेशाची प्रत दुकानात काट्यांच्या वर लावली. अट बारीक अक्षरात असल्यामुळे बाजाराने फक्त नेमणूक वाचली आणि पेढे मागितले.

कक्षप्रमुख धोंडप्पा साहेब बावीस वर्षांत एकदाही चुकले नव्हते. सादियाने अदबीने विचारले, "कसं जमवलं साहेब?"

"लई सोपं हाय," साहेब म्हणाले. "कधी काही सांगितलंच न्हाई."

ऑक्टोबरातल्या एका दुपारी बारा वाजता शेजारच्या गावच्या सिंधुबाई कक्षात आल्या. त्यांची चार एकरांची सोयाबीन कापून शेतात गंजी घातलेली होती. "साहेब, तीनला मळणीयंत्राचा नंबर लागलाय. गंजी उघडू का झाकूनच ठेवू?"

"शक्यता नाकारता येत नाही," धोंडप्पा साहेब म्हणाले.

"कशाची? पाऊस येन्याची का न येन्याची?"

"दोन्हीची."

सादिया सकाळपासून वारा आणि आर्द्रतेचे आकडे पाहत होती. ती उठून पायरीवर गेली आणि नोकरीत पहिल्यांदाच तिने मान वर केली. तळघरात पाठ केलेला दहावा प्रकार, गडगडाटी पावसाचा ढग, पश्चिमेला उभा होता. तिला भीती वाटली, आणि त्याहून जास्त आनंद झाला. ती आत येऊन म्हणाली, "मावशी, उघडू नका. चारच्या सुमाराला जोराचा पाऊस येणार." मग तिने एकेका ग्रामपंचायतीला फोन लावून हेच सांगितले. भोंगे वाजले, मळण्या थांबल्या, परिसरातल्या सगळ्या गंज्यांवर ताडपत्र्या चढल्या.

चारला पाच मिनिटे कमी असताना पाऊस आला आणि दोन तास कोसळला. संध्याकाळी सिंधुबाईंनी ताडपत्री उचलून शेंग फोडली, तर दाणा खडखडीत कोरडा. त्यांनी सादियाच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटे मोडली. सादियाला रडू आले. आपण शिकलो ते कशासाठी, हे तिला त्या दिवशी कळले.

पण अंदाज खरा ठरला की नाही, हे अंदाज देणाऱ्याने ठरवायचे नसते. त्यासाठी पडताळणी समिती असते. कक्षात पर्जन्यमापक होता, परंतु तो पावसात गंजतो म्हणून पावसाळाभर कपाटात ठेवण्याची प्रथा होती. त्यामुळे पाऊस किती झाला, हे नुकसानीच्या पंचनाम्यावरून काढले जाई. समितीने गावोगाव फिरून गंज्या तपासल्या. नुकसान निरंक. सबब, जोराचा पाऊस झाल्याचा पुरावा आढळून येत नाही, असा शेरा पडला.

"सर, तुमची जीप चिखलात रुतलीय," सादिया म्हणाली.

"मॅडम, नमुन्यात चिखलाचा रकाना नाही," समितीचे अध्यक्ष म्हणाले. ते अन्यायी नव्हते. जीप ढकलायला माणसे मिळेपर्यंत त्यांनी नमुना दोनदा वाचून पाहिला.

तिकडे जिल्ह्यातल्याच मुरुडच्या कक्षाने त्या दिवशी 'शक्यता नाकारता येत नाही' एवढेच कळवले होते. तिथे मळण्या जोरात चालू होत्या. सोयाबीन भिजली, तिला कोंब फुटले, पंचनामे शंभर टक्के भरले. अंदाज पुराव्यासह खरा ठरला. मुरुडच्या अधिकाऱ्यांना शाल-श्रीफळ मिळाले आणि शेतकऱ्यांची नावे मदतीच्या यादीत आली.

यादी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी रेणापूरच्या कक्षावर माणसे जमली. सिंधुबाई पुढे होत्या.

"मॅडम, मुरुडवाल्यांची नावं आली. आमची कामून न्हाई आली?"

"मावशी, तुमची सोयाबीन वाचली ना?"

"हाव, वाचली की. कोन न्हाई म्हनतंय? पन वाचलेल्याचा फॉर्म कुठं मिळतोय ते सांगा."

असा फॉर्म नव्हता. तक्रार अर्ज मात्र होता, आणि त्यावर पहिली सही सिंधुबाईंची होती. आठवड्याने सादियाला कारणे दाखवा नोटीस आली. अंदाज चुकीचा दिल्याबद्दल, तसेच शेतकऱ्यांना संभाव्य नुकसानीपासून वंचित ठेवल्याबद्दल आपली सेवा समाप्त का करू नये, याचा खुलासा तीन दिवसांत मागवला होता.

ती लातूरला घरी आली. फारूकभाईंनी नोटीस चष्मा लावून वाचली. "बेटा, मी चाळीस वर्षं काटे दुरुस्त करून राहिलो," ते म्हणाले. "काटा बिघडला म्हणून कमी लोक येतात. खरं वजन दाखवायला लागला म्हणून लई येतात."

"मग तुम्ही काय करता, अब्बा?"

"मी खराच ठेवतो." त्यांनी नोटीस घडी घालून परत दिली. "पण मला नोकरी कुठं हाय? तुला हाय." मुलीला असला सल्ला दिल्याचे त्यांना वाईट वाटले, पण त्यांनी तो मागे घेतला नाही.

सादियाने खुलासा लिहिला: 'अनुभवाअभावी माझ्या हातून अचूकता घडली. पुन्हा घडणार नाही.' खुलासा समाधानकारक वाटल्याने तो मान्य झाला आणि वर्ष संपताच तिला सेवेत कायम करण्यात आले.

पुढच्या फेब्रुवारीत सिंधुबाईंचा फोन आला. "मॅडम, आभाळ भरून येलालंय. हरभरा काढून ठेवलाय. झाकू का?"

सादियाने खिडकीतून पाहिले. गारांचे ढग होते. शंकेला जागा नव्हती.

"वरिष्ठांशी बोलून कळवते," ती म्हणाली.

"बरं झालं बाई, ह्या बारीला चांगलं सांगितलंत," सिंधुबाई म्हणाल्या आणि त्यांनी ताडपत्री घडी घालून घरात नेऊन ठेवली.

सिंधुबाईंना हसायचे असेल तर हसा. पण तुम्हालाही कधीतरी कुणीतरी वेळेवर सावध केले होते. तुम्ही त्याचे ऐकलेत, आणि मग काहीच वाईट झाले नाही. तो माणूस भेटला की आजही तुम्ही त्याला म्हणता, "उगीच घाबरवलंस तेव्हा."