साहेबांपर्यंत पोचलेली आमटी

"आभाळ कोसळलं तरी चालेल, पण हा फोन तुटायचा नाही!" नंदकिशोर खांबेट्यांनी जयपूरच्या कचेरीत छाती ठोकून सांगितलं. नुसतं सांगितलं असतं तरी निभावलं असतं. त्यांनी खरोखरच ठोकली, आणि खिशातलं पेन मोडलं!

साल दोन हजार सात. राजा पार्कातल्या त्या विमा कंपनीत इंटरनेटवरचे फोन आले होते. जयपूर, जवळचं चाकसू गाव आणि पुणं एका माळेत ओवलेलं! लाइनी दोन. पहिली मेली की दुसरीनं तिथल्या तिथे बोलणं उचलायचं. सावत्र आईनं मूल सांभाळावं तसं नाही, सख्ख्या मावशीनं सांभाळावं तसं!

नंदकिशोरांचा जीव मात्र या फोनात वेगळ्याच कारणानं अडकला होता. बायको मधुमती याच कंपनीच्या पुण्याच्या शाखेत. मुलाच्या, निनादच्या दहावीपायी तिकडेच राहिलेली. आणि पुण्याचे मोठे साहेब जयंतराव म्हणाले होते, "फोन नीट चालवून दाखवा, मग बदलीचं बघू." तेव्हापासून नंदकिशोर वायरींकडे अशा नजरेनं बघत, जणू त्या थेट स्वारगेटला जातात.

उद्घाटनाच्या सकाळी जयंतराव पुण्यात सभागृहात सगळ्या अधिकाऱ्यांना घेऊन बसणार होते. साहेबांवर छाप पडावी म्हणून नंदकिशोरांनी एक शक्कल लढवली. दुसऱ्या लाइनीवर काहीही आलं तरी ते सरळ सभागृहातल्या भोंग्यावर वाजेल, अशी व्यवस्था करून ठेवली. उद्घाटनात पहिली वायर उपटायची, आणि आवाज तरीही खणखणीत!

उद्घाटनाला थोडा वेळ होता. त्यांनी चाचणी म्हणून मधुमतीच्या टेबलावर फोन लावला.

"अहो, ऑफिसात आहात ना? हळू बोला!"

"हळू कशाला? इथे कुणाला मराठी कळतं? राठोडजी, मराठी समझते हैं?"

"एक अक्षर नहीं, साब!" शेजारच्या टेबलावरून राठोडजी अभिमानानं म्हणाले.

"बघ! अगं मधू..."

नेमकं तेव्हाच बाहेर रस्ता खोदणाऱ्यांनी पहिली वायर कापली. फोन तुटला नाही. खुट्ट झालं नाही. मावशीनं मूल उचललं!

"...दोन वर्षं दालबाटी खातोय. वाईट नाही, पण तुझ्या हातच्या आमटीची आठवण आली की ती बाटी घशाखाली उतरत नाही. रात्री दोन उशा घेतो. एक डोक्याखाली, एक तुझ्या बाजूला. तिच्याशी भांडतोसुद्धा! पण ती उलटून बोलत नाही गं. काय मजा त्यात? आणि तो जयंतराव! स्वतःची बायको रोज डबा घेऊन येते, त्याला काय कळणार माणसाचं?"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज.

"रडू नकोस गं!"

"रडत नाहीये," पलीकडून भरदार आवाज आला. "मला सर्दी झालीय. मी जयंत बोलतोय. सभागृहातून. आम्ही चाळीस जण आहोत."

नंदकिशोरांचा चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा झाला. फोन ठेवावा, तर तो तुटत नाही हेच तर सिद्ध करायचं होतं! खिडकीतून कापलेली वायर दिसली, तेवढंच त्यांनी सांगून टाकलं.

"वायर कापली गेली म्हणता?" जयंतरावांनी सगळं समजून घेतलं. "आणि आमच्या कानातून एक शब्दही निसटला नाही! शाब्बास! असा माणूस जयपूरहून हलवणं म्हणजे कंपनीचं नुकसान. शिवाय घरच्यांशी इतकं स्वच्छ बोलता येत असेल, तर बदलीची गरजच काय?"

सभागृहातल्या टाळ्याही अगदी स्वच्छ ऐकू आल्या.

राठोडजी पाण्याचा पेला घेऊन आले. "साब, समझ में तो कुछ नहीं आया," ते हळूच म्हणाले, "लेकिन भाभीजी को जल्दी बुला लीजिए."

दुपारी वायर जोडली गेली आणि मधुमतीचा फोन आला.

"अहो, माझ्याकडे 'अगं मधू'च्या पुढे काही आलंच नाही. काय म्हणत होतात?"

नंदकिशोरांनी आजूबाजूला पाहिलं. घसा साफ केला. पण तेच सगळं पुन्हा म्हणायला जीभ काही उचलेना.

"साहेबांना विचार," ते म्हणाले. "त्यांना सगळं नीट ऐकू गेलंय."