वाघ दिसल्यास इथे दाबा

एका जंगलात, मुलांनो, ओरडायलाच बंदी झाली.

तोवर तिथे वाघ दिसला की गोदा भेकर जोरात भुंकायची. हो, भेकर दिसतं हरणासारखं, पण भुंकतं कुत्र्यासारखं. तिचा आवाज ऐकून सगळे पळायचे आणि वाघ उपाशी झोपायचा.

पण पंचायतीला हे फार गावंढळ वाटलं. मग मोरेश्वर मोराने 'सावध' नावाचं अ‍ॅप बनवलं. प्रत्येकाच्या गळ्यात एकेक मोबाइल आला.

एके सकाळी गोदा ओढ्यावर पाणी पीत होती. समोर वाघोबा येऊन उभे राहिले.

गोदाने घाईघाईने अ‍ॅप उघडलं. आधी पडद्यावर मोर नाचला. त्याचा नाच संपेपर्यंत दुसरं काही येतच नसे. मग बटण आलं. मोहरीएवढं, आणि फिकट हिरव्यावर फिकट हिरवं. गोदाने खूर टेकवला, तर अ‍ॅपची भाषा बदलून माशांची झाली.

"काय गं, जमत नाही का?" वाघोबांनी विचारलं.

"खूर मोठा पडतो हो."

"आण इकडे. माझ्या नखाच्या मापाचं आहे ते. चाचणीला मीच बसलो होतो."

गोदाने मान वाकवून मोबाइल खाली घसरू दिला. वाघोबांनी अलगद बटण दाबलं. पडद्यावर प्रश्न आला: 'आपण यंत्र नाही, हे सिद्ध करा. वाघ असलेली सर्व चित्रे निवडा.'

"अरेच्चा, ही तर आमची रत्नाआत्या!" वाघोबा हरखले. "आणि हे गवतात कोण? नुसतं शेपूट दिसतंय. शेपटाला वाघ धरायचं का गं?"

"धरा ना. सावकाश धरा," म्हणत गोदा एकेक पाऊल मागे सरकली. करवंदीच्या जाळीआड गेली आणि तिथून जी सुटली, ती टेकडीपलीकडेच थांबली.

इकडे मोबाइल आनंदाने वाजला: 'अभिनंदन! आपण संकटात आहात. आपला ठावठिकाणा जवळच्या वाघाला कळवला आहे.'

लगेच वाघोबांच्या मोबाइलवर निरोप आला: 'शिकार इथेच आहे.' बिचारे संध्याकाळपर्यंत स्वतःभोवतीच गोल फिरत राहिले.

दुसऱ्या दिवशी गोदा मोरेश्वराकडे गेली.

"बटण मोठं करा. आणि वाघाला तेवढं कळवू नका."

"अशी तक्रार आजवर एकानेही केलेली नाही," मोरेश्वर म्हणाला.

"कशी करतील? ते वाघाच्या पोटात आहेत!"

"म्हणजे समाधानी आहेत." त्याने पिसारा फुलवला. "अभिप्राय बघ. पाचपैकी पाच तारे."

"कुणी दिले?"

"वाघोबांनी."

शेवटी पंचायत बसली. दोष अ‍ॅपचा नसून गोदाच्या अडाणीपणाचा आहे, असं एकमताने ठरलं. तिला अ‍ॅप शिकवायला शिकवणीही लावून दिली.

शिकवायला रोज वाघोबा येणार होते.

तात्पर्य: अ‍ॅप हे वापरणाऱ्याच्या सोयीचंच असावं. फक्त वापरणारा कोण, ते आधी वाघाला विचारून घ्यावं.