बारा पानांचा परवाना

मुद्रितशोधकांच्या दाराची बेल त्या आठवड्यात एकोणीस वेळा वाजली. बायको गेल्यापासूनच्या दोन वर्षांत ती फक्त मीटर बघणाऱ्याने वाजवली होती, आणि त्यालाही बसायला वेळ नसे.

झालं होतं एवढंच. कंपनीने त्यांच्या जुन्या फोनची अपडेट बंद केली आणि मुलीचा व्हिडिओ कॉल लागेना. "बाबा, नवा घेऊन टाका ना," ती म्हणाली. पण मुद्रितशोधक पडले हट्टी. त्यांनी हौशी मंडळींनी फुकट वाटलेलं अपडेट इंटरनेटवर शोधलं, तीन दिवस खपून फोनमध्ये घातलं आणि फोन टुणटुणीत झाला. बातमी जिनाभर पसरली. वरच्या मजल्यावरची शिंपीण आली, वॉचमन आला, समोरचे निवृत्त ड्रायव्हर तर दोनदा आले. अपडेट चढायला पाऊण तास लागे, तेवढा वेळ माणसं बसत, बोलत. मुद्रितशोधक मुद्दाम संथ केबल वापरू लागले.

शनिवारी मात्र त्यांना अवदसा आठवली. अपडेटसोबतचा परवाना ते वाचायला बसले. सगळं जग न वाचता 'मान्य' दाबतं, पण यांना अक्षर दिसलं की राहवत नसे. दुसऱ्याच पानावर होतं: 'अटी न पाळता प्रत इतरांना देणे बेकायदेशीर आहे.' चाळीस वर्षांत पहिल्यांदाच मजकूर अर्धवट टाकून ते उठले आणि त्यांनी लिफ्टपाशी कागद लावला: 'मी दिलेली अपडेट बेकायदेशीर आहेत. काढून टाकावीत. – गुन्हेगार, खोली नऊ.'

"अहो, पण पकडणार कोण तुम्हाला?" ड्रायव्हर म्हणाले.

"कायदा."

"त्याला आपला पत्ता कुठे ठाऊक आहे?"

"आता झाला ना. लिफ्टपाशी लावलाय."

मग बेल गप्प झाली. नसती भानगड नको म्हणून लोक दारावरून पाय न वाजवता जाऊ लागले. मुद्रितशोधक रोज दाढी करून, पिशवी भरून पोलिसांची वाट बघत बसत. चहा दोन कप टाकत. पोलीसही आले नाहीत, याचं त्यांना चक्क वाईट वाटलं.

चौथ्या दिवशी वाचायला दुसरं काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी परवाना पुढे वाचला. सातव्या पानावर होतं: 'प्रत कोणालाही खुशाल द्यावी. मात्र सोबत हा परवाना द्यावा.' म्हणजे गुन्हा काय, तर बारा पानं द्यायची राहिली!

प्रती काढून ते धावतच शिंपिणीकडे गेले.

"काका, सुटलात?"

"सुटलो. पण हे तुमच्याकडे असायला हवं."

"बारा पानं? डोळे दुखतात हो माझे. तुम्हीच दाखवा वाचून."

नुसता कागद दिला तरी भागत होतं, हे मुद्रितशोधकांना पक्कं ठाऊक होतं. तरी ते बसले. पहिलं पान त्यांनी स्वल्पविरामांसकट वाचलं आणि बाकीच्या पानांची घडी घातली.

"आणि पुढचं?"

"एका दिवशी एकच पान," ते खाली बघत म्हणाले. "तसा नियमच आहे."

शिंपिणीने उरलेली पानं मोजली.

"मग उद्या चारला या," ती म्हणाली. "मशीन बंद ठेवते."